कागद, काच, पत्रा: सॉसच्या बाटलीची आणि तिच्या झाकणाची गोष्ट

येरवड्यात इतिहासावर बोलायला बोलावलं की श्रोत्यांना विषय आधीच माहीत असतो. तुरुंग, १९३२ चा करार, नाहीतर आगाखान पॅलेस. या विषयांवर माझ्यापेक्षा चांगलं बोलणारे लोक या शहरात पुष्कळ आहेत. मी आज एक पिशवी आणलीय. तिच्यातून तीन वस्तू काढून इथे टेबलावर ठेवतो. पहिली, टोमॅटो सॉसची जुन्या पद्धतीची काचेची बाटली, वर पत्र्याचं दातेरी बूच. दुसरी प्लास्टिकची, झाकणावर उलटी उभी राहणारी, दाबली की सॉस येतो ती. तिसरी मागच्या रांगेला दिसणार नाही, कारण ती दोन बोटांएवढी आहे. पिझ्झाबरोबर येतं ते पाऊच. (हशा)

तिन्हींमध्ये माल एकच. आपण आज बोलणार आहोत ते माल संपल्यानंतरचं.

तुमच्यापैकी निम्मे लोक इथे येताना नदी ओलांडून आले असतील. पुलाजवळ नदीवर जो बंधारा आहे, ज्याच्यामुळे बंडगार्डन हे नाव पडलं, तो १८५० च्या सुमाराला बांधून झाला. त्याच्या खर्चाचा मोठा वाटा मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय यांनी उचलला होता. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. हे जमशेटजी तरुणपणी ‘बाटलीवाला’ म्हणून ओळखले जात, हे कमी जणांना माहीत असतं. त्यांचे नातलग आणि पुढे सासरे झालेले फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला यांचा धंदाच बाटल्यांचा होता आणि जमशेटजी त्या धंद्यात शिकले. त्यांची खरी संपत्ती आली ती चीनशी केलेल्या कापसाच्या आणि अफूच्या व्यापारातून, हे सांगायलाच पाहिजे. बाटल्या विकून बंधारा झाला असं मी म्हणत नाही. पण सुरुवात बाटलीपासून झाली.

आता रिकाम्या बाटलीत एवढं काय होतं? आपल्याकडे तेव्हा बाटल्यांचे आजच्यासारखे कारखाने नव्हते. बाटली यायची ती विलायतेहून, दारू भरून. दारू संपली की मागे जी काच राहायची तिला अत्तरवाला, तेलवाला, वैद्य, गुलाबपाणी करणारा, सगळे गिऱ्हाईक. रिकामी बाटली हा सरळसरळ माल होता. ‘बाटलीवाला’ हे आडनाव उगीच रुळलेलं नाही.

घरातल्या चटण्या-लोणच्यांचा मात्र या बाटलीशी फारसा संबंध आला नाही. आपली तोंडीलावणी राहायची बरणीत. चिनी मातीची, वरून तपकिरी आणि पोटात पांढरी. माझ्या आजीच्या फडताळात अशा चार होत्या आणि त्यांतली एक आजही आमच्या घरात आहे, तांदूळ ठेवायला. बरणीची सगळी मेख तोंडाशी. आत मीठ भरपूर, वर तेलाचा बोटभर थर, त्यावर झाकण, आणि झाकणावरून स्वच्छ फडक्याचा दादरा. ‘दादरा बांधणे’ हा शब्दप्रयोग आता नव्या पिढीला समजावून सांगावा लागतो. तेलाचा थर हवा आत जाऊ देत नाही, दादरा धूळ आणि किडामुंगी थोपवतो. वर्ष संपलं की तेल भाजीला, फडकं धुवायला, बरणी उन्हात. फेकायला काहीच उरत नाही. यात मी जुन्या काळाचे गोडवे गातोय असं समजू नका. ही सगळी धुण्या-घासण्याची मेहनत घरातल्या बाईच्या डोक्यावर होती आणि तिची किंमत कुणी मोजली नाही.

सॉसची गोष्ट वेगळी. टोमॅटोचा सॉस पातळ, वर तेल नाही, मीठही लोणच्याइतकं नाही. उघडा राहिला तर बुरशी धरणार. म्हणून त्यात शिर्का आणि साखर घालतात, तो गरम असतानाच बाटलीत भरतात आणि लगेच बंद करतात. थंड होताना आत थोडी पोकळी तयार होते आणि झाकण आत ओढलं जाऊन घट्ट बसतं. म्हणजे सॉस बाजारात विकायचा तर दोन गोष्टी लागतात: एकसारखी बाटली आणि दगा न देणारं झाकण.

आधी बाटली बघू. पुण्यापासून पस्तीसेक किलोमीटरवर तळेगाव दाभाडे आहे. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी एक साधी कल्पना मांडली होती: दर माणशी वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून स्वदेशी उद्योग काढायचा. हाच तो पैसा फंड. टिळकांनी तो उचलून धरला आणि १९०८ साली त्या पैशातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. ईश्वरदास वार्ष्णेय हे परदेशात काचेचं तंत्र शिकून आले होते, त्यांच्याकडे तो सोपवला. कारखाना म्हणून तो किती चालला यापेक्षा शाळा म्हणून तो जास्त चालला, असं माझं मत आहे. इथे फुंकणी धरायला शिकलेले लोक देशभर गेले. पुढे १९१६ साली कराडजवळ ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला. ओगलेवाडी हे गावच त्या नावानं वसलं आणि त्यांचा प्रभाकर कंदील तुमच्या आजोळच्या खुंटीला टांगलेला असेल.

पण लक्षात घ्या, कंदिलाची काच फुंकणं आणि सॉसची बाटली करणं यांत फरक आहे. कंदिलाची काच किंचित इकडे-तिकडे झाली तरी भागतं. बाटलीचं तोंड केसभर जरी कमीजास्त झालं तरी झाकण बसत नाही. अमेरिकेत मायकेल ओवेन्सनं १९०३ च्या सुमाराला बाटल्या करणारं स्वयंचलित यंत्र काढलं, तेव्हा कुठे लाखो बाटल्यांची तोंडं सारखी निघायला लागली. झाकणाची गोष्ट तिथून पळायला लागते.

झाकणाला आपण ‘बूच’ म्हणतो. हा शब्द पोर्तुगिजांच्या ‘बुचा’वरून आला असं मानतात. बुचाचं झाड पुण्यात रस्त्यारस्त्यावर आहे, पावसाळा संपता संपता पांढऱ्या लांब देठाच्या फुलांचा सडा पडतो ते. त्याची साल मऊ, म्हणून खऱ्या बुचाऐवजी ती वापरून बघत. खरं बूच स्पेन-पोर्तुगालच्या ओकच्या सालीचं. ते दाबून बसवायचं आणि वर मेण किंवा लाख ओतायची.

फसफसणाऱ्या पेयांनी ही पद्धत मोडीत काढली, कारण आतला वायू बूच उडवून लावतो. त्यावर १८७० च्या दशकात हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं जो तोडगा काढला तो तुम्ही सगळ्यांनी प्यायलेला आहे. गोटी सोडा! आतला वायूच गोटीला वर दाबून धरतो आणि तोंड बंद राहतं. मला हे झाकण फार आवडतं. ते बाटलीतच राहतं, हरवत नाही, रस्त्यावर पडत नाही, बाटलीबरोबर कारखान्यात परत जातं. एकच अडचण. बाटली धुणं जिकिरीचं आणि आत काय भरलंय याची खात्री कुणी द्यायची? कालच्या गोटीनं आजची बाटली बंद केलीय. ती मूळ कारखान्यात भरली की मागच्या गल्लीत, गोटी काही सांगत नाही.

ते सांगणारं झाकण आलं १८९२ मध्ये. इथून जवळच नगर रस्त्यावर आगाखान पॅलेस बांधून झाला तेच साल. त्या वर्षी बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर यांना क्राउन बुचाचं पेटंट मिळालं. हे बघा, माझ्या हातातलं. पत्र्याची चकती, कडेला दाते, आत पातळ थर. पेंटर यांच्या बुचाला २४ दाते होते, आज साधारण २१ असतात. आतला थर तेव्हा बुचाचा, आता बहुधा प्लास्टिकचा. याचं वैशिष्ट्य असं की ते काढताना वाकतं. एकदा काढलं की पुन्हा पहिल्यासारखं बसत नाही. पेंटर यांना हेच हवं होतं. एकदा वापरून टाकून देण्याची वस्तू विकली की गिऱ्हाईक परत येतं. त्यांच्याकडे काम करणाऱ्या किंग जिलेट नावाच्या विक्रेत्यानं हा धडा पुढे दाढीच्या पात्याला लावला, ते वेगळं व्याख्यान होईल.

आपल्या सरकारनं तर ही गोष्ट कायद्यातच लिहिली. १९५५ साली फ्रूट प्रॉडक्ट्स ऑर्डर आली. जुन्या जॅम-सॉसच्या लेबलांवर ‘एफपीओ’ असं छापलेलं असायचं, आठवतंय का? त्या आदेशात एक कलम बाटलीच्या तोंडाबद्दल आहे. बाटली अशी बंद करायची की उत्पादकाचा परवाना क्रमांक आणि खूण मोडल्याशिवाय ती उघडता येऊ नये. मला हे कलम सबंध विषयाच्या मध्यभागी आहे असं वाटतं. कारण त्याचा रोख कुणावर होता? जमशेटजींच्याच धंद्यावर. नामांकित कंपनीच्या रिकाम्या बाटल्या गोळा करायच्या, त्यात लाल भोपळा, रंग आणि खळ यांचं मिश्रण भरायचं आणि विकायचं, हा उद्योग आपल्याकडे चालत होता, आजही अधूनमधून छाप्यांच्या बातम्या येतात. कायद्याला गिऱ्हाईकाचं पोट वाचवायचं होतं आणि ते बरोबरच होतं. पण त्याचा दुसरा परिणाम असा झाला की खात्री झाकणात आली आणि झाकण कायमचं एकदाच वापरायचं झालं. बाटलीची काच दहा वेळा फिरू शकते, तिचं बूच फिरू शकत नाही.

घराघरांत काय व्हायचं ते माझ्या पिढीनं पाहिलंय. सॉसची बाटली म्हणजे पाहुण्यांसाठीची गोष्ट. ओपनरनं बूच काढायचं, मग परत लावायला काही नाही. कंपन्या वरून एक प्लास्टिकची टोपी द्यायच्या, ती हरवली की आमच्याकडे कागदाचा बोळा. सॉस तळाशी गेला की थोडं पाणी घालून हलवायचं आणि शेवटचा थेंब उपम्याला. मग बाटलीत रॉकेल, फिनेल, नाहीतर मनीप्लँट. उरलेल्या बाटल्या डबा-बाटलीवालीला. ती दारात बसून घासाघीस करायची, आई तिला ‘मावशी’ म्हणायची आणि चार आण्यांवरून वाद घालायची. बूच तेवढं अंगणात पडलेलं. आम्ही ते ठोकून सपाट करायचो, मधे दोन भोकं पाडून दोरा ओवायचो आणि भिरभिरं करायचो.

मी आता १९९३ वर येतो. त्या साली पुण्यात कचरा वेचणाऱ्या आणि भंगार गोळा करणाऱ्या कष्टकऱ्यांची संघटना उभी राहिली. बाबा आढाव, आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या पुणे केंद्रातून आलेल्या लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने ही नावं तुम्हाला माहीत आहेत. संघटनेचं नाव ठेवलं ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. सभासदांत बहुसंख्य बाया, दलित समाजातल्या, पुष्कळशा १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि इतर भागांतून पुण्यात आलेल्या कुटुंबांतल्या. येरवड्याच्या वस्त्यांमधूनही या कामाला बाया जातात, इथे बसलेल्या कुणाकुणाच्या घरातूनही जात असतील.

या नावाकडे मी बरीच वर्षं नुसतं नाव म्हणून बघत होतो. एकदा या बाटलीचं लेबल सोलत बसलो असताना डोक्यात प्रकाश पडला. लेबल कागदाचं. बाटली काचेची. बूच पत्र्याचं. कागद, काच, पत्रा! सॉसची अख्खी बाटली त्या नावात आहे. संघटनेनं काही सॉस डोळ्यापुढे ठेवून नाव ठेवलं नव्हतं, हे उघड आहे. ज्या तीन वस्तू वेगळ्या केल्या की वेगळ्या विकता येतात, त्या तीन वस्तूंची ती नावं. लेबल भिजवलं की सुटतं, बूच चुंबकाला चिकटतं, काच भट्टीत जाते. काच कितीही वेळा वितळवा, तिचा दर्जा उतरत नाही. भट्टीत नव्या मालाबरोबर दर दहा टक्के जुनी काच घातली की सुमारे अडीच-तीन टक्के इंधन वाचतं.

आता इथे एक गैरसमज होतो तो दूर करतो. काच चांगली, प्लास्टिक वाईट, असं सांगून मी खाली बसलो तर टाळ्या मिळतील. पण भंगारच्या दुकानात काट्यासमोर उभं राहून बघा. काच जड, पोतं खांद्यावर घेऊन चालायचं, फुटली तर हात कापतो, आणि भाव? प्लास्टिकच्या पासंगालाही पुरत नाही. अख्खी बाटली असेल तर नगावर जाते, फुटकी असेल तर किलोवर, मातीमोल. डोंगराएवढं ओझं वाहून शंभर रुपये आणि पेट बाटल्यांचं हलकं पोतं देऊन त्याच्या कितीतरी पट. ज्या बाईला संध्याकाळी घरी पीठ न्यायचंय ती काय उचलेल? म्हणून पुनर्वापराला योग्य कोणती वस्तू, याचं उत्तर प्रयोगशाळेत एक आणि काट्यावर दुसरं असतं.

दुसरी वस्तू. ही उलटी बाटली. केचपच्या व्यवहारात हाइन्झ ही अमेरिकी कंपनी सगळ्यांत जुन्यांपैकी, १८७६ पासून केचप विकते. पारदर्शक काच त्यांनी निवडली ती ‘आत काही लपवलेलं नाही’ हे दाखवायला. १९८३ मध्ये त्यांनी दाबायची प्लास्टिकची बाटली आणली. गिऱ्हाईक खूश. पण ती अनेक थरांची होती, हवा आत जाऊ नये म्हणून मधे वेगळ्या प्लास्टिकचा थर, आणि ते थर सुटे होत नव्हते. ओरड झाली. १९९० मध्ये त्यांनी पेटची, पुन्हा वितळवता येणारी बाटली जाहीर केली. मग पुढे उलटी बाटली आली आणि तिच्या झाकणात सिलिकॉनची एक लवचीक चकती बसली. दाबलं की उघडते, सोडलं की मिटते, थेंब गळत नाही. हुशारीची गोष्ट. आणि तिनंच पुन्हा घोळ केला.

घोळ कसा ते सांगतो, कारण यात खरी गंमत आहे. प्लास्टिकच्या कारखान्यात बाटल्यांचे तुकडे करून पाण्याच्या हौदात टाकतात. पेट पाण्यापेक्षा जड, ते बुडतं. झाकणाचं पॉलिप्रॉपिलीन हलकं, ते तरंगतं. वरचं वर, खालचं खाली, काम झालं. पाणीच निवड करतं. आता त्यात सिलिकॉन टाका. झाकण एका जातीचं राहिलं नाही, त्यातून शुद्ध माल निघत नाही. आपल्याकडे दुसरी एक भर असते: बाटलीला घट्ट चिकटवलेलं पीव्हीसीचं लेबल. ते पेटइतकंच जड, पेटबरोबर बुडतं आणि वितळवताना सगळा माल पिवळा पाडतं. कुणीतरी कचेरीत बसून लेबल चकचकीत दिसावं म्हणून घेतलेला निर्णय, आणि त्याची किंमत किलोमागे कमी भाव मिळून मोजते ती येरवड्यातली वेचणारी. २०२१ च्या सुमाराला त्याच कंपनीनं सिलिकॉन काढून सगळं झाकण एकाच प्लास्टिकचं केल्याचं जाहीर केलं. एवढ्याशा चकतीला पर्याय शोधायला काही वर्षं गेली. म्हणजे करता येतं. करायचं ठरवावं लागतं.

तिसरी वस्तू, पाऊच. आपल्या देशात शांपूच्या पुड्यांनी जी क्रांती केली तिचं हे भावंडं. गरिबालाही चैन परवडावी, एका रुपयात, हा त्यामागचा विचार आणि तो खोटा नाही. पण हे उघडायचं म्हणजे फाडायचं. झाकण नावाची वस्तूच नाहीशी झाली. पॉलिएस्टर, अॅल्युमिनियमचा वर्ख, पॉलिथिन, तीन थर एकमेकांना चिकटवलेले. आठ-दहा ग्रॅम सॉस, आणि मागे उरतं ते तोलून बघितलं तर काट्याचा काटा हलत नाही. एक किलो भरायला किती गोळा करायची? वर ती सॉसनं बरबटलेली, मुंग्या लागलेली. भाव शून्य. वेचणारी ती उचलत नाही, यात तिचा काही दोष नाही.

कायद्यानं काय केलं? २०१६ च्या केंद्राच्या नियमांत होतं की पुनर्प्रक्रिया न होणारं बहुस्तरीय प्लास्टिक दोन वर्षांत बंद करायचं. दोन वर्षं भरत आली. २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्रानं प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, केवढा गाजावाजा झाला, पिशवी हातात दिसली तर दंड. पेट बाटली अनामत घेऊन परत घेण्याची योजनाही त्यात होती, ती काही उतरली नाही. आणि चारच दिवसांनी, २७ मार्चला, दिल्लीत केंद्राच्या नियमात दुरुस्ती झाली. बंद करायचं ते आता असं बहुस्तरीय प्लास्टिक, ज्याची पुनर्प्रक्रिया होत नाही किंवा ज्यातून ऊर्जा मिळत नाही किंवा ज्याचा दुसरा काही उपयोग नाही. मधल्या ‘किंवा’कडे बघा. सिमेंटच्या भट्टीत काय जळत नाही? पाऊच सुटलं. पुण्यात आपण कापडी पिशव्या शोधत होतो तेव्हा.

२०१३ मध्ये पुण्यातल्या या बायांनी एक गोष्ट केली होती. वापरलेले सॅनिटरी नॅपकिन गोळा करून ते बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवले, की आम्ही रोज हे हातानं उचलतो, तुम्ही निदान एकदा उघडून बघा. सॉसच्या पाऊचचं असं पार्सल अजून कुणी पाठवल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. २०२२ पासून उत्पादकांवर आपलं प्लास्टिक परत गोळा करण्याची टक्केवारीत जबाबदारी आली आहे. त्याचे हिशेब प्रमाणपत्रांवर चालतात. त्या प्रमाणपत्रामागचा माल ज्या हातांनी वेचला, त्यांना किती मिळतं, हा प्रश्न मी तिथल्या लोकांनाही विचारतो आणि तुम्हालाही.

वेळ होत आला. या उलट्या बाटलीच्या मानेवर एक बारीक रिंग राहिलीय बघा, झाकण फिरवलं तेव्हा तुटून मागे राहिलेली. हे १९५५ चं कलम आहे. खूण मोडल्याशिवाय उघडू नये. हौदात टाकली की ती वर तरंगून येते, पेटपासून वेगळी होते, तेवढं तिनं सोपं ठेवलंय. तिन्ही वस्तू टेबलावर आहेत, जाताना हातात घेऊन बघा. काचेची मी परत नेणार आहे, घरी मनीप्लँट वाढलाय. प्लास्टिकची मागे बसलेल्या ताई नेतील, त्यांनी आधीच सांगून ठेवलंय. पाऊच कुणाला हवं असेल तर हात वर करा. (हशा) कुणीच नाही? बरं, मग प्रश्न घेऊ.